पाहुण्यांना द्यायचा कंट्रोलर

मित्रहो, निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘डी-पॅडचं पेटंट आणि थर्ड-पार्टी कंट्रोलर’ असा छापलाय. डी-पॅड म्हणजे कंट्रोलरवरचं चार दिशांचं बटण, आणि थर्ड-पार्टी म्हणजे कन्सोलच्या कंपनीनं नव्हे, तर बाहेरच्या कुणी बनवलेला. तो मीच कळवला होता आणि त्यावर मी बोलणारच आहे, काळजी नसावी. फक्त त्याआधी दोन-तीन गोष्टी मनात साठल्यात, त्या मोकळ्या करतो. जुन्या गेम कन्सोलांचे एवढे वेडे एका खोलीत, तेही स्वखुशीनं बसलेले, मला पुन्हा कधी मिळणार?

पहिली गोष्ट. इथं बसलेल्यांपैकी घरात थोरलं कोण आणि धाकटं कोण, हे मी कुणालाही हात वर करायला न लावता सांगू शकतो. थर्ड-पार्टी कंट्रोलर म्हटल्यावर ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, ती सगळी धाकटी. (हशा) थोरल्याच्या हातात ओरिजिनल आणि धाकट्याच्या हातात तो दुसरा: पारदर्शक प्लास्टिकचा, दोन बटणं जास्तीची असलेला, उजवीकडे दाबलं की वर उडी मारणारा. पाहुण्यांची मुलं आली की धाकट्याला बढती मिळायची आणि तो दुसरा पाहुण्यांकडे जायचा. तेव्हा या कंट्रोलरांबद्दलचं आपलं मत हे बहुतेक वेळा हरलेल्या माणसाचं मत असतं. गेम हरला की दोष कंट्रोलरचा. त्या मतावर संग्रह उभा करू नये.

दुसरी गोष्ट ही तक्रार आहे. विक्रेत्यांबद्दल. नावं घेत नाही, पण जात ओळखीची आहे. मध्यंतरी एक सहा बटणांचा पॅड, म्हणजे कंट्रोलर, दिसला, सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलचा. आकार ओळखीचा, वरचं नाव अगदीच अनोळखी. मी कळवलं, खालच्या बाजूचा फोटो पाठवाल का? खालची बाजू का, हे तुम्हाला सांगायला नको. या धंद्यात एकाच साच्यातून निघालेला पॅड चार वेगवेगळ्या नावांनी विकला जायचा. वरचं नाव म्हणजे ज्यानं खोकं छापलं त्याचं. पॅड खरा कुणाचा, याचा माग लागतो तो खालच्या लेबलावरच्या मॉडेल नंबरवरून. तर त्या भल्या माणसाचा फोटो आला. पाठ लख्ख! लेबल खरवडून काढलेलं, डिंकाचा मागमूस नाही, सगळं कवच हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून पांढरंशुभ्र केलेलं. खाली ओळ लिहिली होती, ‘तुमच्यासाठी खास स्वच्छ केलाय.’ (हशा)

हसू नका, यात माझं आयुष्य चाललंय. पिवळेपणाचं तुम्हाला इतकं काय वावडं आहे? एबीएस प्लास्टिक पिवळं पडतं. त्याचा दोष बहुधा त्यातल्या ब्रोमीनच्या ज्वालारोधक रसायनांना देतात, आणि ऊन नि उष्णता त्याला हातभार लावतात. पण पिवळा पॅड चालतो. लेबल गेलेला पॅडही चालतो म्हणा, पण तो कुणाचा ते कळत नाही. मग स्क्रू काढा, सर्किट बोर्डवर छापलेले आकडे वाचा, साच्याच्या खुणा शोधा. निन्टेन्डोच्या एनईएस कन्सोलचा पॅड असेल तर आत नीट पायांची ४०२१ चिप आहे की नुसता काळ्या इपॉक्सीचा गोळा आहे, ते बघा. गोळा असेल तर त्याखाली काय आहे ते देव जाणे. त्यामुळे सफाई करायचीच असेल तर दोन ठिकाणी करा. एक, रबरासारखा मऊ लेप दिलेले कंट्रोलर काही वर्षांनी चिकट होतात, तो चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलनं निघतो. दोन, केबल कवचाभोवती गुंडाळून ठेवली असेल तर ती आधी सोडवा. केबलच्या पीव्हीसीतलं मऊ करणारं रसायन कवचात उतरतं आणि प्लास्टिकवर कायमचा वळ उठतो. कपाटात सुबक दिसावं म्हणून केबल गुंडाळणाऱ्यांनी आज घरी गेल्या गेल्या ती सोडवावी. उद्या नको.

आता मुद्द्याकडे येतो. म्हणजे मुद्द्याच्या जवळ.

मी हे कंट्रोलर गोळा करतो, कारण यातला जवळपास प्रत्येक पॅड हा ओरिजिनलबद्दल कुणीतरी केलेली तक्रार आहे. कन्सोलच्या कंपनीनं काय चुकवलं, काय द्यायचं टाळलं, ते तिच्या स्वतःच्या कंट्रोलरवरून कळत नाही. ते दुसऱ्यानं बनवलेल्यावरून कळतं. अटारी ५२०० घ्या, १९८२ सालचा. त्याची स्टिक सोडली तर मध्यभागी परत येत नाही. ज्यानं ती मंजूर केली त्यानं पॅक-मॅन कधी खेळलाच नसणार! मग आर्केडचे सुटे भाग बनवणाऱ्या वाइकोनं आपली जॉयस्टिक काढली, स्वतःहून मध्यावर येणारी. निन्टेन्डो ६४ च्या स्टिकचं तुम्ही जाणताच. खेळता खेळता आतली वाटी झिजते, पांढरी पूड पडते आणि स्टिक मान टाकते. बाहेरच्या कंपन्यांनी तिथं पोटेन्शिओमीटर, म्हणजे फिरवल्यावर विद्युतरोध बदलणारे भाग, घातले. टिकाऊपणा आला, पण कित्येकांची हालचालीची मर्यादा ओरिजिनलपेक्षा मोठी निघाली, त्यामुळे जरा ढकललं की पात्र धावत सुटतं. होरीचा मिनी पॅड मात्र हातात घेऊन बघा. तीन मुठींचा तो विचित्र आकार टाकून दोनच मुठी ठेवल्या आणि स्टिकही चांगली दिली. सोनीनं प्लेस्टेशनसाठी स्वतःचा अ‍ॅनालॉग पॅड (म्हणजे स्टिक किती ढकलली तेही मोजणारा) आणला १९९७ मध्ये. त्याआधी दोन वर्षं नाम्कोचा नेगकॉन बाजारात होता. मधोमध पिळायचा, पिळलं की गाडी वळते, आणि बटणंही किती दाबली ते मोजणारी. ज्यांनी तो रेसिंगला वापरलाय त्यांना मी काही सांगायला नको. ज्यांनी नाही वापरला त्यांना सांगून कळणार नाही.

अ‍ॅस्कीनं तर फॅमिकॉनसाठी, म्हणजे एनईएसच्या जपानी अवतारासाठी, एका हाताचा कंट्रोलर काढला, नंतर प्लेस्टेशनसाठीही. रोल-प्लेइंग गेममध्ये तासन्‌तास मेनूच उघडायचे असतात, त्याला दोन हात कशाला अडकवायचे? दुसऱ्या हातानं नकाशा काढा, चहाचा कप धरा. आता गेमक्यूबसाठी न्यूबीटेकनं रेझिडेंट इव्हिल ४ च्या वेळी चेनसॉच्या आकाराचा, रक्ताचे डाग रंगवलेला कंट्रोलर काढला, तो कुठल्या तक्रारीचं उत्तर आहे, असं मागच्या रांगेतून कुणीतरी विचारणारच. त्याला माझ्या सिद्धान्तात जागा नाही. तो फक्त माझ्या कपाटात आहे. (हशा)

आणि हे सगळं घडू शकलं, कारण वाट मोकळी होती. अटारी २६०० चा नऊ पिनांचा प्लग बघा. प्रत्येक स्विचला आपली तार, दुसरी काही भानगड नाही. कमोडोर ६४, अमिगा, सेगा, सगळ्यांनी तोच प्लग उचलला. मेगा ड्राइव्हचा पॅड आजही २६०० ला लावा, बी बटणानं गोळी सुटते. एनईएसमध्ये निन्टेन्डोनं परवाना नसलेल्यांना रोखणारी लॉकआउट चिप घातली, पण ती कार्ट्रिजसाठी, म्हणजे गेमच्या कॅसेटसाठी. कंट्रोलरमध्ये ४०२१ नावाचा बाजारात कुणालाही मिळणारा शिफ्ट रजिस्टर, म्हणजे बटणांची माहिती एकेक करून पाठवणारी साधी चिप. पुढच्या दाराला भलंमोठं कुलूप आणि मागचं दार सताड उघडं.

आता माझा लाडका किस्सा. ‘स्लो’ बटण.

बऱ्याच टर्बो पॅडवर टर्बोच्या शेजारी ‘स्लो’ लिहिलेला एक स्विच असतो. टर्बो समजतो: एक छोटं ऑसिलेटर सर्किट तुमच्याऐवजी बटण भराभर दाबतं. हडसन कंपनीचे ताकाहाशी मेइजिन सेकंदाला सोळा वेळा बटण दाबण्यासाठी जपानभर प्रसिद्ध, आणि तीच हडसन टर्बोचं जॉय कार्ड विकत होती. एकीकडे बोटांची पूजा आणि दुसरीकडे बोटांना सुट्टी! पण स्लो? कन्सोलचा प्रोसेसर कंट्रोलरच्या वायरीतून कसा मंद करणार? लहानपणी वाटायचं, आत काहीतरी अद्भुत आहे. वाढल्यावर स्क्रू काढला तर आत तेच ऑसिलेटर. फक्त ते स्टार्ट बटणाला जोडलेलं. म्हणजे गेम मंद होत नाही. तो भराभर थांबतो आणि सुरू होतो, थांबतो आणि सुरू होतो. खोक्यावर मात्र ठळक अक्षरांत ‘स्लो मोशन’!

आता याचे परिणाम बघा. मारिओमध्ये थांबवलं की एक छोटा सूर वाजतो. स्लो लावा, तो सूर तुम्हाला धड ऐकूही येत नाही आणि बंदही होत नाही. झेल्डामध्ये स्टार्ट म्हणजे सामानाचा पडदा. तो वरून खाली सरकत येतो, मग वर जातो, मग खाली येतो. खलनायक राहिला बाजूला, तुम्ही आपले पडदा बघत बसा. ज्या गेममध्ये स्टार्टनं काहीच होत नाही, तिथं स्लोनंही काहीच होत नाही. आणि ही शक्कल फक्त फुटकळ कंपन्यांची नव्हे हं! निन्टेन्डोच्या स्वतःच्या एनईएस अ‍ॅडव्हान्टेजवरही स्लो बटण आहे. फसवणूक म्हणावी तर काम होतं, काम म्हणावं तर फसवणूक आहे. मी या बटणावर आणखी तासभर बोलू शकतो.

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटं.’ बरं. अमिगाचा जॉयबोर्ड राहिला, दोन वाक्यांत उरकतो. कॉम्प्युटर काढण्याआधी अमिगा कंपनीनं १९८२ मध्ये अटारीसाठी उभं राहून तोल सावरायची फळी विकली. तिच्यावर हलायचं नाही अशी मांडी ठोकून त्यांचे प्रोग्रामर बसायचे, आणि अमिगाच्या त्या प्रसिद्ध ‘गुरू मेडिटेशन’ एररचं नाव तिथून आलं असं सांगतात. सेगा अ‍ॅक्टिव्हेटर, पॉवर ग्लव्ह, लेझरस्कोप, सगळं सोडलं. लेझरस्कोप म्हणजे डोक्यावर घालायचा नेमबाजीचा कंट्रोलर, तो ‘फायर’ म्हटल्यावर गोळी मारतो आणि शिंकल्यावरही मारतो, एवढं फक्त लक्षात ठेवा.

तर पेटंट. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोईंनी १९८२ च्या डाँकी काँग गेम अँड वॉच या हातात धरायच्या छोट्या गेमवर क्रॉसचा डी-पॅड आणला, पुढच्या वर्षी तो फॅमिकॉनवर आला. अमेरिकेत निन्टेन्डोला त्याचं पेटंट १९८७ मध्ये मिळालं, आणि ते २००५ मध्ये संपलं. क्रॉसच्या आकारात विशेष काही नाही, खरी करामत त्याच्या पोटात आहे. मधोमध एक टेकू असतो, त्यामुळे एक बाजू दाबली की समोरची आपोआप वर उचलली जाते. डावं आणि उजवं एकदम दाबणं शक्यच होत नाही. त्या काळचे गेम हे गृहीत धरूनच लिहिलेले आहेत. झेल्डा २ मध्ये दोन्ही एकदम पोहोचवा, नायक भलत्याच वेगानं सुसाट सुटतो.

आता ज्यांच्याकडे परवाना नाही त्यांनी काय करायचं? सेगानं गोल तबकडी केली. सोनीनं बाहेर चार सुटी बटणं दाखवली आणि आत एकच तुकडा ठेवला. त्यांच्याकडे अभियंते होते, त्यांनी निभावलं. लहान कंपन्यांनी तबकडीवर क्रॉस चिकटवला, कुठं चार बाण वेगळे केले, कुठं नुसतं तरंगतं बटण ठेवलं, आणि टेकूच्या जागी काहीच नाही किंवा आखूड खुंटी. अशा पॅडवर अंगठा जरा सरकला की तिरकी दिशा लागते. उजवीकडे दाबलं की वर उडी, ती इथून.

म्हणून संग्रह करताना ब्रँडप्रमाणे कप्पे करू नका, डी-पॅडप्रमाणे करा. ओळखायची रीत सोपी: डी-पॅड बरोब्बर मध्ये दाबा. सगळा खाली बसला तर टेकू नाही किंवा आखूड आहे. मधला भाग ठाम राहिला तर कुणीतरी आत डोकं चालवलंय. मग स्क्रू काढा, ते डोकं कसं चालवलंय ते बघा: कुठं बॉल बेअरिंगसारखा मणी असतो, कुठं कवचालाच घुमट केलेला असतो. पेटंटला वळसा घालायच्या इतक्या वाटा तुम्हाला दुसऱ्या कुठल्याही कपाटात एकत्र दिसणार नाहीत.

२००५ नंतर हा प्रश्नच उरला नाही. आता जुन्या कन्सोलांसाठी नवे पॅड निघतात, त्यांना खरा क्रॉस, खरा टेकू, हातात घेतले की तक्रारीला जागा नाही. म्हणून मी ते गोळा करत नाही.

हो, थांबतो. टेबलावर मांडलेत ते सगळे हाताळा, मध्ये दाबून बघा. तो काळा मात्र अजून चिकट आहे, त्याला कागद लावूनच धरा.