सालीतलं केळं

नमस्कार श्रोतेहो. मानसिक आजारांच्या वॉर्डात मी बरीच वर्षं नर्स म्हणून काम केलं. आज एका उपाशी माणसाची गोष्ट सांगते.

तासगावकडचे एक बागायतदार. आजार स्किझोफ्रेनियाचा. घरचे जेवणात विष कालवतात, असा पक्का संशय. घरच्यांनी हात जोडले, रागावले, स्वतः घास खाऊन दाखवला. संशय वाढतच गेला.

ते वॉर्डात आले, तेव्हा आम्ही शुश्रूषेचा आराखडा लिहिला. आजाराचं नाव डॉक्टर लिहितात. त्या आजारानं या माणसाचं आज काय अडलंय, ते नर्स लिहिते. इथं पोटात अन्नच जात नव्हतं. म्हणून ध्येय तेवढंच: उद्या संध्याकाळपर्यंत स्वतःच्या हातानं दोनदा काहीतरी खाणं, पाणी पिणं. संशय जायला आठवडे लागतात. ते एका दिवसाचं ध्येय नव्हे.

मग सालीसकट केळं, कवचासकट उकडलेलं अंडं, न फोडलेला बिस्किटपुडा समोर ठेवला. सोलायचं, फोडायचं त्यांनीच. आम्ही वाद घातला नाही आणि खोटी मानही डोलावली नाही. "तुम्हाला भीती वाटतेय, दिसतंय मला. मला यात विष दिसत नाही. मी इथंच बसते, दादा." दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी केळं सोललं. मी वेळ लिहिली, किती खाल्लं ते लिहिलं. अजून आठवतं, माझा हात थरथरत होता.

मायबापहो, गोळी भाजीत लपवून देऊ नका. एकदा सापडली, की त्यांचा संशय तुम्हीच खरा केलात. आपल्यावर काय उपचार चाललेत हे कळण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाला दिलाय.

मन फार चढू-उतरू नये म्हणून देतात त्या लिथियमच्या गोळ्या चालू असतील, तर उन्हाळ्यात जपा. एप्रिलात मळ्यात घाम गळतो, अंगातलं पाणी आणि मीठ घटतं, रक्तातलं लिथियम चढतं. जुलाब, उलट्या, हाताची जास्त थरथर, चालताना झोकांड्या दिसल्या, तर पुढची गोळी देण्याआधी तातडीनं डॉक्टर गाठा. जेवणातलं मीठही मनानं अचानक तोडू नका.

आणि कुणी "जगून काय करू" म्हणालं, तर विषय बदलू नका. "जीव द्यावासा वाटतोय का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. त्यांना एकटं सोडू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येतं. कॅलेंडरवर दूधवाल्याचा हिशोब लिहिता ना, त्याच्या शेजारीच लिहून ठेवा: एक, चार, चार, एक, सहा.