ऑपरेशन मंजूर, जागा नामंजूर

नमस्कार मंडळी. मी इथे अमेरिकेत सर्जरीच्या ऑफिसमध्ये प्रायर ऑथोरायझेशनचं काम बघते, म्हणजे ऑपरेशनच्या आधी इन्शुरन्सची परवानगी काढायची, होल्डवरचं म्युझिक ऐकत बसायचं आणि नकार आला की भांडायचं. आपल्या लोकांचे मला जे फोन येतात ना, त्यातले अर्धे एकाच वाक्याने सुरू होतात, "अगं पण इन्शुरन्सने ऑपरेशन अप्रूव्ह केलं होतं, मग हे बिल कसलं?" आज फक्त त्याच्यावरच बोलते.

तर होतं असं की आपण एकच प्रश्न धरून बसतो, हे ऑपरेशन कव्हर आहे का. इन्शुरन्स कंपनी मात्र दोन प्रश्न विचारते. ऑपरेशन गरजेचं आहे का, आणि ते तुम्ही म्हणताय त्याच जागी करणं गरजेचं आहे का. पहिल्याला हो आणि दुसऱ्याला नाही, असं सर्रास होतं. नकाराचं पत्र आलं तर वरची सगळी सरकारी छापाची भाषा सोडून द्या, खाली कारणाचा पॅरा असतो तो वाचा. त्यात साधारण असं लिहिलेलं असतं की प्रोसीजर वैद्यकीयदृष्ट्या योग्य आहे, पण ती हॉस्पिटलच्या आउटपेशंट विभागातच, म्हणजे जिथे ॲडमिट न होता उपचार होतात तिथेच, करावी लागेल असं कागदपत्रांवरून दिसत नाही. लोक घाबरतात, त्यांना वाटतं ऑपरेशनच नाकारलं. नाही हो, जागा नाकारलीये.

जागा म्हणजे काय तर ढोबळमानाने चार प्रकार. डॉक्टरचं स्वतःचं ऑफिस, ॲम्ब्युलेटरी सर्जरी सेंटर ज्याला आम्ही सगळे एएससी म्हणतो, हॉस्पिटलचा आउटपेशंट विभाग, आणि हॉस्पिटलात रीतसर ॲडमिट. प्रत्येकाला बिलावर दोन आकडी कोड आहे, ऑफिस ११, एएससी २४, हॉस्पिटल आउटपेशंट २२, ॲडमिट असेल तर २१. आणि १९ पण आहे, त्याच्यावर येते मी, तो जरा वात्रट आहे. डॉक्टरचा क्लेम ज्या फॉर्मवर जातो त्यात २४बी नावाचा एक छोटासा चौकोन आहे, त्यात हा कोड टाकतात. त्या दोन आकड्यांवरून तुमच्या खिशातून किती जाणार ते बरंचसं ठरतं, आणि पेशंटने तो चौकोन आयुष्यात कधी बघितलेला नसतो.

हे एएससी प्रकरण तसं फार जुनं नाहीये. १९७० मध्ये ॲरिझोनात फिनिक्सला वॉलेस रीड आणि जॉन फोर्ड या दोन भूलतज्ज्ञांनी सर्जिसेंटर नावाने पहिलं असं सेंटर काढलं, कल्पना एवढीच की ज्याला संध्याकाळी घरीच जायचंय त्याला हॉस्पिटलचा सगळा बारदाना कशाला. मेडिकेअरने, म्हणजे मुख्यतः ६५ च्या वरच्या लोकांच्या सरकारी इन्शुरन्सने, १९८२ पासून अशा सेंटरना पैसे द्यायला सुरुवात केली. मेडिकेअरच्या व्याख्येनुसार तिथे असेच पेशंट घ्यायचे ज्यांना हॉस्पिटलात राहावं लागणार नाही आणि जे २४ तासांच्या आत बाहेर पडतील अशी अपेक्षा आहे. मोतीबिंदू, कोलोनोस्कोपी, हर्निया, कार्पल टनल, गुडघ्याची दुर्बीण, पोरांचे टॉन्सिल, ही सगळी तिथली नेहमीची गिऱ्हाईकं. आता तर अख्खा गुडघा बदलतात तिथे. २०१८ पर्यंत मेडिकेअरच्या यादीत गुडघा बदलणं म्हणजे ॲडमिट व्हायलाच हवं असं होतं, त्या वर्षी ते उठवलं आणि २०२० पासून एएससीतसुद्धा चालायला लागलं.

आता पैसे. ऑपरेशनचं बिल एक नसतं, सर्जनचं वेगळं, भुलीचं वेगळं, पॅथॉलॉजीला काही पाठवलं तर त्याचं वेगळं, आणि या सगळ्यांच्या वर फॅसिलिटी फी, म्हणजे खोली, उपकरणं, नर्सेस यांचा खर्च. सर्जनची फी जागेप्रमाणे त्या मानाने थोडीच हलते. फॅसिलिटी फी मात्र जागा बदलली की एकदम उडी मारते. मेडिकेअरने २००८ मध्ये एएससीचे दर हॉस्पिटल आउटपेशंटच्या दरांना जोडले तेव्हा ढोबळमानाने ६५ टक्क्यांवर बसवले होते, म्हणजे तेच काम, तोच सर्जन, आणि सेंटरला हॉस्पिटलच्या दोन तृतीयांश. प्रायव्हेट इन्शुरन्समध्ये तर फरक याहून मोठा असू शकतो कारण हॉस्पिटलं करार करताना दर ताणून घेतात.

मग प्रायव्हेट कंपन्यांनी काय केलं, तर साइट ऑफ सर्व्हिस पॉलिसी काढल्या. प्रोसीजर कोडची एक लांबलचक यादी, आणि त्या यादीतलं काहीही हॉस्पिटलात करायचं असेल तर आधी कारण द्या. एएससीत केलंत तर बऱ्याचदा परवानगीसुद्धा लागत नाही, किंवा लगेच मिळते. म्हणजे दार दोन्हीकडे आहे पण एका दारावर वॉचमन बसवलाय.

कारणं कुठली चालतात? प्रत्येक कंपनीची पॉलिसी वेगळी, पण मुद्दे फिरून फिरून तेच येतात. भूलतज्ज्ञांची एक श्रेणी असते, एएसए क्लास म्हणतात, १ म्हणजे ठणठणीत, ३ म्हणजे गंभीर आजार आहे, तर ३ किंवा त्याच्या वर असाल तर सहसा हॉस्पिटल मान्य होतं. जास्तीचा स्लीप ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, खूप जास्त बीएमआय, रक्तस्रावाचा आजार, हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार जो नीट आटोक्यात नाहीये, आधी भूल दिली तेव्हा काही गडबड झाली होती. अगदी लहान मूल. आणि हे लोकांना माहीतच नसतं की वैद्यकीय नसलेली कारणंही असतात, जवळपास नेटवर्कमधलं, म्हणजे तुमच्या इन्शुरन्सशी करार असलेलं, सेंटरच नाहीये, किंवा सेंटरकडे ते यंत्र नाहीये. सर्जनला त्या सेंटरमध्ये ऑपरेशन करायची परवानगीच नाही, हे काही कंपन्या मानतात काही मानत नाहीत.

सगळ्यात जास्त घोळ कुठे होतो सांगू? शेवटच्या दोन दिवसांत. बघा, परवानगी एएससीची निघालीये, सगळं ठरलंय, मुलगा सुट्टी टाकून आलाय. दोन दिवस आधी प्री-ऑप नर्सचा फोन येतो, ती विचारते रात्री झोपताना मशीन लावता का, तुम्ही म्हणता हो हो सीपॅप आहे ना, गेली कित्येक वर्षं आहे. सीपॅप म्हणजे स्लीप ॲप्नियाचं मशीन, आणि सर्जनच्या फाइलमध्ये त्याचा उल्लेखच नाही. नर्स भूलतज्ज्ञाला सांगते, तो म्हणतो इथे नको, हॉस्पिटलात करू, आणि ते बरोबरच असतं. शेड्युलवाली मुलगी चटकन हॉस्पिटलचा स्लॉट मिळवते, सगळे खूश. पण परवानगी अजून एएससीच्याच नावावर आहे. त्या कागदावर सेंटरचं नाव असतं, कोड असतो, तारखांची मुदत असते, आणि हॉस्पिटलचा क्लेम गेला की कॉम्प्युटर म्हणतो जुळत नाही. गंमत म्हणजे सीपॅपमुळे हॉस्पिटलची परवानगी सहज मिळाली असती, फक्त कोणी मागितलीच नाही. तेव्हा जागा बदलली, अगदी शेजारच्या बिल्डिंगमध्ये जरी गेली, तरी सर्जनच्या ऑफिसला फोन करून विचारा, ऑथोरायझेशन नवीन जागेवर अपडेट झालं का, आणि नंबर लिहून घ्या. नुसतं हो झालं असं म्हणाले तर नाही, नंबर.

नियम मुळात चुकीचा आहे असं मला वाटत नाही, हे पण सांगून टाकते. तब्येत चांगली असलेल्या माणसाने कार्पल टनलसाठी हॉस्पिटलची फॅसिलिटी फी भरावी याला काही अर्थ नाही. पण ठरवतं कोण आणि त्रास कोणाला? हॉस्पिटलच्या नोकरीत असलेला सर्जन हॉस्पिटलचं नाव सांगणार. स्वतंत्र सर्जन सेंटरचं नाव सांगणार, आणि पुष्कळदा त्या सेंटरमध्ये त्याची स्वतःची भागीदारी असते. मेडिकेअरच्या नियमाप्रमाणे ती पेशंटला लेखी सांगावी लागते, सह्या करताना जो कागदांचा गठ्ठा देतात त्यात असतो तो कागद, आपण वाचत नाही. त्यात वाईट काही आहे असं नाही, माहीत असावं इतकंच.

आता तो १९. हॉस्पिटलं गावात इकडेतिकडे इमारती घेतात, काल जे साधं डॉक्टरचं क्लिनिक होतं त्याच्यावर आज हॉस्पिटलचा बोर्ड लागतो, डॉक्टर तोच, खुर्च्या त्याच, पार्किंग तेच, पण कागदावर तो झाला हॉस्पिटलचा आवाराबाहेरचा आउटपेशंट विभाग, कोड १९, आणि फॅसिलिटी फी सुरू. मला या प्रकाराचा मनापासून राग येतो. २०१५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने एक कायदा करून मेडिकेअरपुरतं यातल्या नवीन जागांचे दर कमी केले, पण २ नोव्हेंबर २०१५ च्या आधीपासून बिलिंग करणाऱ्या बऱ्याच जागा त्यातून सुटल्या. त्यामुळे अपॉइंटमेंट घेताना सरळ विचारायचं, इथे हॉस्पिटलचं बिल येतं का? रिसेप्शनवाल्यांना माहीत नसतं कधीकधी, बिलिंगला जोडून द्या म्हणायचं.

एक बरी गोष्ट. १ जानेवारी २०२२ पासून नो सर्प्रायझेस ॲक्ट आहे. तुम्ही नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात किंवा एएससीत गेलात आणि भूल देणारा नेटवर्कबाहेरचा निघाला तर तो तुम्हाला नेटवर्कच्या दरापेक्षा वरचा फरक लावू शकत नाही, भूल आणि पॅथॉलॉजीवाल्यांना तर तुमची सही घेऊनही त्यातून सुटता येत नाही. पण जागा नेटवर्कमधली हवी. जागाच बाहेरची असेल आणि ऑपरेशन इमर्जन्सीचं नसेल तर हा कायदा तुमच्या कामाचा नाही.

नकार आलाच तर पहिल्यांदा सर्जनला पीअर टू पीअर करायला सांगा, म्हणजे आपला डॉक्टर कंपनीच्या डॉक्टरशी फोनवर बोलतो. त्याची मुदत फार थोडी असते, पत्र मिळालं त्याच दिवशी ऑफिसला कळवा. ते फसलं तर अपील, त्याला १८० दिवस असतात, आणि ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर कंपनीने ३० दिवसांत उत्तर द्यायचं, तातडीचं असेल तर ७२ तासांत. तिथेही नाही म्हणाले तर बाहेरच्या तटस्थ तपासणीकडे जाता येतं, त्याला चार महिने. अपिलात "आम्हाला हॉस्पिटल सुरक्षित वाटतं" असं लिहून काही उपयोग नाही, त्यांच्याच पॉलिसीचा कागद डाउनलोड करा, अपवादांची यादी काढा, आणि त्यातला आपल्याला लागू होणारा मुद्दा पुराव्यासकट समोर ठेवा, म्हणजे स्लीप ॲप्निया असेल तर झोपेच्या तपासणीच्या रिपोर्टसकट. कंपनीचा माणूस यादी घेऊनच बसलेला असतो.

आता इथे राहणाऱ्या आईबाबांचं, म्हणजे मेडिकेअर. दोन गोष्टी. पहिली, हॉस्पिटलात रात्र काढली म्हणजे ॲडमिट झालात असं नाही. ऑब्झर्व्हेशनवर ठेवलं असेल तर ते आउटपेशंटच, बिल पार्ट बी मध्ये, म्हणजे मेडिकेअरच्या डॉक्टर आणि आउटपेशंटच्या भागात, जातं, आणि नंतर नर्सिंग फॅसिलिटीत पाठवायची वेळ आली तर मूळ मेडिकेअरला सलग तीन दिवस इनपेशंट, म्हणजे रीतसर ॲडमिट, लागतात, त्यात ऑब्झर्व्हेशनची रात्र मोजत नाहीत. तेव्हा बेडपाशी उभं राहून विचारायचं, स्टेटस काय आहे.

दुसरी जरा उलटी आहे. पार्ट बी मध्ये तुमचा वाटा साधारण २० टक्के, मग एएससी स्वस्त म्हणजे आपल्यालाही स्वस्त असं वाटतं, आणि बहुतेक वेळा तसंच असतं. पण हॉस्पिटल आउटपेशंटमध्ये एका प्रोसीजरच्या तुमच्या वाट्याला एक वरची मर्यादा आहे, इनपेशंट डिडक्टिबलइतकी, म्हणजे ॲडमिट झाल्यावर मेडिकेअरने पैसे द्यायच्या आधी तुम्ही स्वतः भरायची रक्कम, ती २०२५ मध्ये १,६७६ डॉलर होती. एएससीत अशी मर्यादा नाही. त्यामुळे महागडं यंत्र शरीरात बसवायचं असेल, मोठं काही असेल, तर एकूण बिल सेंटरचं कमी असूनही पेशंटचा वाटा तिथे जास्त निघू शकतो. मेडिकेअरच्या साइटवर प्रोसीजर प्राइस लुकअप म्हणून एक पान आहे, तिथे ऑपरेशनचं नाव किंवा कोड टाकला की एएससी आणि हॉस्पिटल दोन्हीचे सरासरी आकडे शेजारी शेजारी येतात, पेशंटचा वाटा वेगळा दाखवतात. मेडिगॅप पॉलिसी, म्हणजे मेडिकेअरच्या जोडीला घेतलेली खाजगी पॉलिसी, असेल तर तो वाटा बहुतेक तीच भरते, मग या आकडेमोडीत फार पडू नका, आणि मेडिकेअर ॲडव्हांटेज, म्हणजे मूळ मेडिकेअरऐवजी खाजगी कंपनीचा प्लॅन, असेल तर हे सगळं बाजूला ठेवून त्या प्लॅनच्या कार्डामागच्या नंबरवरच फोन करा, त्यांचे को-पे, म्हणजे पेशंटने भरायच्या ठरावीक रकमा, वेगळे असतात आणि जागेची परवानगीही ते वेगळी मागतात.