कागदी पिशवी, सील आणि एक ‘फरार’ बाई

नमस्कार मंडळी! ही माझ्या हातातली पिशवी बघा. साधी खाकी कागदाची. रक्ताने भिजलेला शर्ट सापडला, तर तो आधी वाळवायचा आणि मग अशाच पिशवीत ठेवायचा. मालिकांमध्ये दिसते ती प्लॅस्टिकची पिशवी इथे घात करते. ओल आत कोंडते, बुरशी धरते आणि डीएनए नासतो.

आता तोंड बंद, वर सील. सही अशी करायची की अर्धी सीलवर, अर्धी पिशवीवर येईल. म्हणजे कोणी सील उचकटलं की सही तुटते. शेजारी नोंद: काय, कुठून, किती वाजता, कोणी उचललं. पुढे पिशवी ज्याच्या हातात जाईल त्याची सही, तारीख, वेळ. ही झाली ‘चेन ऑफ कस्टडी’, म्हणजे ताब्याची साखळी. मंगळवारी पोलीस ठाण्यातून निघालेली पिशवी प्रयोगशाळेत गुरुवारी पोचली, तर बचावाचा वकील विचारणारच: मधल्या दोन रात्री ती होती कुठे? आणि विचारावंच त्याने!

पण ही साखळी सुरू कुठून होते? पुरावा उचलल्यापासून, असंच वाटतं ना? जर्मन पोलिसांनाही तसंच वाटलं होतं.

२००७ मध्ये हाइलब्रॉन शहरात एका तरुण महिला पोलिसाचा खून झाला. गाडीवर एका अनोळखी बाईचा डीएनए मिळाला. तोच डीएनए जुन्या खुनात, घरफोड्यांत, जर्मनी, ऑस्ट्रिया, फ्रान्समध्ये मिळून चाळीसेक ठिकाणी! ३ लाख युरोंचं बक्षीस लागलं. बाई काही सापडेना.

मग २००९ मध्ये एका पुरुषाची ओळख पटवायला त्याचे जुने कागद तपासले, तर त्यावरही हीच बाई. डीएनएचा नमुना कापसाच्या बोळ्याने टिपून घेतात. दुसऱ्या बोळ्याने नमुना घेतला आणि बाई गायब.

घोळ त्या बोळ्यांतच होता. ते निर्जंतुक होते, पण त्या प्रक्रियेत जंतू मरतात, डीएनए मागे राहतो. आणि तो होता बोळे पॅक करणाऱ्या कारखान्यातल्या एका कामगार बाईचा. बिचारीला पत्ताही नव्हता. २०१६ मध्ये अशा साहित्यासाठी आयएसओ १८३८५ हे वेगळं आंतरराष्ट्रीय मानक आलं.

त्या खुनाचा धागा लागला २०११ मध्ये, तोही भलतीकडूनच. बँक लुटून आलेल्या दोन नवनाझींच्या, म्हणजे हिटलरचे विचार मानणाऱ्या अतिरेक्यांच्या, जळालेल्या गाडीत त्या महिला पोलिसाचं सरकारी पिस्तूल मिळालं.