नाव विणलेला टॉवेल

(दृश्य : पलंगावर उघडी बॅग, बाथरूमचं अर्धवट उघडं दार)

चेकआउटची सकाळ. कपडे भरून झालेत, बॅगेची चेन लावायची तेवढी राहिलीय. तरी पाय पुन्हा बाथरूमकडे वळतात. साबणाच्या दोन वड्या, शॅम्पूची चिमुकली बाटली. आणि मग नजर जाते टॉवेलवर. जाडजूड, पांढराशुभ्र, काठाशी हॉटेलचं नाव विणलेलं.

असा टॉवेल दुकानातही मिळतो. पण त्यावर ते नाव नसतं, आणि हवं असतं ते नावच.

पेन आणि कागदाचं पॅड तर तुम्ही न्यावं म्हणूनच ठेवलेलं असतं. ते घरच्या टेबलावर पडून हॉटेलची जाहिरात करत राहतं. साबणही बिनधास्त न्या. वापरलेली वडी पुढच्या पाहुण्याला देता येत नाही. मागे राहिलेल्या अशा वड्या गोळा करून, निर्जंतुक करून त्यांचे नवे साबण करणारी ‘क्लीन द वर्ल्ड’ ही संस्था २००९ साली अमेरिकेत सुरू झाली.

(दृश्य : लांबलचक कॉरिडॉर, दाराशी लावलेली ट्रॉली)

टॉवेल मात्र धुऊन, घडी घालून पुन्हा त्याच रॅकवर जायचा असतो. खोली रिकामी झाली की हाउसकीपिंगच्या ताई येतात, चादरी ओढून काढतात, टॉवेल मोजतात. असायला हवेत चार, भरतात तीन. पलंगाखाली बघायचं, दारामागे बघायचं, मग वर कळवायचं. घड्याळ पुढे सरकत असतं आणि आवरायच्या खोल्या तेवढ्याच असतात. चेन लावताना या ताई डोळ्यांसमोर येत नाहीत, म्हणून कॅमेरा इथे जरा जास्त वेळ थांबलाय.

काही हॉटेलांनी आता टॉवेलच्या शिवणीत चिप बसवल्यात. क्रूझवर डेकवरचा टॉवेल बहुतेकदा तुमच्या कार्डावर नोंदवून देतात. परत केला नाही, तर पैसे बिलात लागतात.

पण माफीही मिळालीय. २८ ऑगस्ट २००३ ला हॉलिडे इन या हॉटेल साखळीने ‘टॉवेल माफी दिन’ पाळला आणि टॉवेल नेलेल्यांना त्याची गोष्ट सांगायला बोलावलं. २०१२ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलने जुन्या वस्तू परत मागवल्या, आपला इतिहास जपण्यासाठी. कुणीतरी नेल्या, म्हणूनच त्या उरल्या होत्या, हेही खरं.

(दृश्य : काळ्या पडद्यावर जुनं, पिवळट मेनूकार्ड)

१४ एप्रिल १९१२. टायटॅनिकवरचं दुपारच्या जेवणाचं हे कार्ड पहिल्या वर्गातल्या एका बाईंच्या पर्समध्ये राहिलं. त्या रात्री बाई जीवरक्षक होडीत बसल्या, वाचल्या, आणि त्यांच्याबरोबर कार्डही वाचलं. शंभर वर्षांनी, २०१२ साली, लिलावात त्याला ७६,००० पौंड मिळाले. वर कंपनीचा लाल झेंडा, त्यात पांढरा तारा. खाली त्या दुपारचे पदार्थ : मटण चॉप्स, कस्टर्ड पुडिंग...