गोळीबार आणि खतावणी

मंडळी, ‘दि इंटरनॅशनल’ सिनेमात आत्ता तुम्ही श्वास रोखून जो गोळीबार पाहिलात, तो न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात झालेलाच नाही. वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइटचा, संग्रहालयातला तो गोल गोल वर चढणारा उतार जर्मनीत, बाबेल्सबर्गला, रेल्वे इंजिनांच्या एका जुन्या शेडमध्ये नव्याने बांधला आणि मग गोळ्यांनी त्याची चाळण केली. दिग्दर्शक टॉम टिक्वरचा हा सिनेमा फेब्रुवारी 2009 मध्ये बर्लिन महोत्सवात पहिल्यांदा दाखवला गेला. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी बँक बुडून जेमतेम पाच महिने झाले होते. बँकर खलनायक म्हणून पटवायला वेगळे कष्ट नकोत, असा तो काळ!

सिनेमातली बँक काल्पनिक असली, तरी तिचं मूळ खरं आहे: बीसीसीआय. हसू नका, क्रिकेटवाली नव्हे. बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल. लखनौत जन्मलेल्या आगा हसन अबेदींनी 1972 मध्ये काढलेली. मुंबईतही तिची शाखा होती; बँक बुडाल्यावर ती स्टेट बँकेच्या पदरात आली.

बीसीसीआयची खरी करामत बंदुकीत नव्हती, खतावणीत होती. तिची एक कंपनी लक्झेंबर्गला नोंदवलेली, दुसरी केमन बेटांवर, आणि 1987 पर्यंत दोघींचे ऑडिटर वेगळे. म्हणजे हत्तीची सोंड एकाला दाखवायची, शेपूट दुसऱ्याला. अख्खा हत्ती कुणाच्याच नजरेस पडत नाही. बुडीत कर्जं लपवायची, ठेवीदारांच्या पैशांनी खड्डे बुजवायचे आणि नफा झाला म्हणून सांगायचं. हे पडद्यावर दाखवणार कसं? कॅमेरा खतावणीवर किती वेळ ठेवणार? म्हणून टिक्वर काचेच्या इमारती दाखवतो: सगळं पारदर्शक, पण आत काय चाललंय ते कळत नाही. मला गोळीबारापेक्षा त्या काचा जास्त आवडतात.

गंमत म्हणजे, खरा सिनेमा वास्तवातच घडला होता. अमेरिकी कस्टम्सचा रॉबर्ट मेझर काळ्या पैशांचा दलाल बनून या बँकेत शिरला. ऑक्टोबर 1988 मध्ये फ्लोरिडात टॅम्पाजवळ त्याचं खोटं लग्न ठरलं. बँकेचे अधिकारी पाहुणे म्हणून आले. आदल्या रात्री नवरदेवाच्या पार्टीला म्हणून त्यांना गाड्यांत बसवलं आणि थेट अटक केली. पटकथेत हे लिहिलं असतं तर निर्मात्याने ‘अतिच होतंय’ म्हणून खोडलं असतं.

तरीही बँक आणखी पावणेतीन वर्षं चालली. शेवटी 5 जुलै 1991 ला, शुक्रवारी, बँक ऑफ इंग्लंडने तिला टाळं लावलं. ठेवीदारांत ब्रिटनमधले छोटे आशियाई दुकानदार होते. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या बेटांचं कौन्सिलही होतं. त्याचे 2 कोटी 30 लाख पौंड त्या शुक्रवारी आत अडकले.