पहिल्या मीटिंगला जाताना

श्रोतेहो, नमस्कार. दारू चांगली की वाईट, हा विषय आज नको. जो पितो त्याला ते आपल्याआधी कळलेलं असतं. आज बोलायचं आहे ते सोडायची इच्छा झालेल्या माणसानं जायचं कुठं, याबद्दल.

समुपदेशनाच्या कामात बेळगाव, खानापूर, निपाणीकडची माणसं भेटतात. दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगचं नाव काढलं की पहिला प्रश्न ठरलेला: "तिथं कोण वळखीचं भेटलं तर ओ?" भीती खोटी नाही. शहापूरच्या एखाद्या बोळात सकाळी पाहुणा आला, तर दुपारपर्यंत चार घरांत माहीत होतं. पण मग रात्री रिक्षातून उतरवून दोघांनी धरून घरात नेलेलं गल्लीला दिसलं नसेल का? आणि मीटिंगला ओळखीचा भेटलाच, तर तो काय भजनाला आलेला नसतो. त्यालाही तीच काळजी असते, तुमच्याबद्दल.

या मीटिंगा चालवते ती एए, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस. १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात बिल विल्सन हा शेअर बाजारातला माणूस कामासाठी आला होता. काम फसलं. दारू सोडून थोडेच महिने झालेले, समोर हॉटेलचा बार. त्यानं फोन फिरवायला सुरुवात केली, आपल्यासारखाच दारूनं गांजलेला माणूस शोधायला. भेटला तो डॉ. बॉब स्मिथ, सर्जन. दोघं बोलत बसले आणि बिलचा तो मोह टळला. सगळी एए त्या बोलण्यातून उभी राहिली. भारतात ती १९५७ मध्ये आली.

तिथं चालतं काय? चर्चचा हॉल, शाळेचा वर्ग, दवाखान्यातली खोली, जिथं जागा मिळेल तिथं माणसं बसतात. "मी अमुक, अल्कोहोलिक," एवढी ओळख पुरते. आडनाव, जात, नोकरी कुणी विचारत नाही, हजेरीपट नाही, फी नाही. शेवटी डबा फिरतो, जमेल त्यानं पाच-दहा रुपये टाकावेत. बाहेरच्याची देणगी ते घेत नाहीत.

काही मीटिंगा खुल्या असतात, तिथं आमच्यासारख्यांनाही बसता येतं. अशाच एका मीटिंगला नवा माणूस आला होता. दाराजवळची खुर्ची धरली, हेल्मेट मांडीवरून काढलं नाही. पाळी आली तेव्हा म्हणाला, "आज नको." पुढच्यानं बोलायला सुरुवात केली, कुणी आग्रह केला नाही. मग चहा आला. त्याचे हात थरथरत होते, ते शेजारच्या म्हाताऱ्यानं बघितलं आणि न बोलता त्याच्या कपात अर्धाच चहा ओतला. सांडू नये म्हणून. हे असं कुठल्या पुस्तकात वाचून येत नाही.

आपल्याकडं विचारतात, "पंढरीला जाऊन माळ घातली तर?" घाला की. माळेनं सुटलेली माणसं आहेत, आणि माळ घालून मीटिंगला येणारेही आहेत. अडचण होते ती माळ काढून पुन्हा प्यायलेल्याची. तो लाजेनं कीर्तनात येत नाही, देवळाच्या बाजूनंही जात नाही. मीटिंगमध्ये मात्र "स्लिप झाली" म्हणत आलेल्याला बसायला खुर्चीच मिळते.

गावात नकोच वाटत असेल तर दुसऱ्या गावची मीटिंग शोधा. खानापूरच्या माणसानं बेळगावला जावं, निपाणीच्यानं कोल्हापूरला. सीमेचा वाद तिथं कुणी काढत नाही. फक्त परतीची वस्तीची गाडी किती वाजता, ते आधी विचारून ठेवा. धर्मस्थळच्या ग्रामविकास योजनेची मद्यवर्जन शिबिरंही होतात, आणि शिबिरानंतर नवजीवन समितीत माणसं भेटत राहतात. कारभार कानडीत असतो, पण आपल्याला कानडी काय नवं आहे?

आता एक गोष्ट नीट ऐका. रोज सकाळपासून पिणाऱ्यानं घरच्या घरी एकदम बंद करू नये. थरथर, घाम, मग दोन-तीन दिवसांत भास, फिट. यात जीवही जाऊ शकतो. आधी सरकारी दवाखान्यात डॉक्टरांना दाखवा, औषध घ्या, मग मीटिंग. आणि "पेशंटच्या नकळत दारू सोडवा" म्हणून जी पावडर विकतात, ती चहात कालवू नका, वहिनी. तिच्यात काय आहे ते विकणाऱ्यालाही सांगता येत नाही. दारूशी भिडणारं औषध त्यात असलं आणि वर तो प्यायला, तर थेट आयसीयू.

नवरा येत नाही म्हणून तुम्ही थांबू नका. घरच्यांसाठी अल-ॲनॉन आहे, १९५१ पासून. तो पीत असला तरी तुम्हाला तिथं जाता येतं, त्याची परवानगी लागत नाही.

जवळची मीटिंग माहीत नसेल तर १४४४६ ला फोन करा, ही नशामुक्तीची सरकारी हेल्पलाइन. मन फारच बिघडलं असेल, झोप नसेल, तर १४४१६, टेलि-मानस. दोन्ही फुकट. दोन्ही आकडे जवळजवळ सारखेच, चुकून दुसरा लागला तरी ठेवू नका, बोला. लिहून घ्या: एक, चार, चार, चार, सहा. आणि एक, चार, चार, एक, सहा.