एडी, अँबर आणि मंत्रीणबाईंना भेटायला आलेली आई

नमस्कार मंडळी. आज एका आयरिश सिनेमाबद्दल बोलायचंय. नाव आहे 'डेटिंग अँबर'. २०२० साली आलेला, लेखक-दिग्दर्शक डेव्हिड फ्रेन. दीड तासाचा छोटा, स्वतंत्रपणे केलेला सिनेमा, आणि शाळा संपायला आलेल्या वयाची मुलं कशी असतात ना, ते इतकं खरं मी फार कमी ठिकाणी बघितलंय.

गोष्ट सांगते पटकन. साल १९९५. आयर्लंडमधला किल्डेअरचा भाग, जवळ लष्कराची छावणी. एडी नावाचा मुलगा आहे, वडील सैन्यात, त्यामुळे आपणही सैन्यात जायचं हे त्याने ठरवून टाकलंय, म्हणजे खरं तर वडिलांना बरं वाटावं म्हणून ठरवलंय. एडी गे आहे, पण हे तो स्वतःशीसुद्धा कबूल करत नाही. त्याच्याच वर्गात अँबर आहे, ती लेस्बियन आहे आणि तिला ते पक्कं माहितीये. दोघांनाही वर्गातली पोरं छळतात. मग एक दिवस अँबरच म्हणते की आपण दोघं एकमेकांबरोबर फिरतोय असं दाखवूया, शाळा संपेपर्यंत, म्हणजे सगळ्यांची तोंडं बंद. आणि सुरू होतं नाटक. हातात हात घालून चालायचं, सगळ्यांसमोर किस करायचं, आणि दोघांनाही ते अजिबात जमत नाही, अशी सगळी मजा.

आता ते साल तेवढं लक्षात ठेवा, १९९५. कारण १९९३ पर्यंत आयर्लंडमध्ये पुरुषाने पुरुषाशी शरीरसंबंध ठेवणं हा गुन्हा होता. १९९३ ला कायदा बदलला आणि सिनेमा आहे १९९५ चा. मध्ये फक्त दोन वर्षं. आणि हा कायदा कसा बदलला त्याची गोष्ट मला इतकी आवडते की मी ती आज सांगणारच आहे, सिनेमा थोडा वेळ थांबेल.

तर डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात डेव्हिड नॉरिस नावाचे एक प्राध्यापक होते. इंग्रजी शिकवायचे, आयरिश कादंबरीकार जेम्स जॉइसवर त्यांचा मोठा अभ्यास. १९७७ साली या माणसाने थेट सरकारवर खटला भरला. म्हणणं साधं होतं की मी गे आहे, हा कायदा मला गुन्हेगार ठरवतो, तो रद्द करा. आणि कायदा किती जुना, तर १८६१ आणि १८८५ चा, इंग्रजांचं राज्य होतं तेव्हाचा. ऑस्कर वाइल्ड, हा डब्लिनमध्ये जन्मलेला एवढा मोठा लेखक, त्याला १८९५ साली लंडनमध्ये शिक्षा झाली ती यातल्याच १८८५ च्या कायद्याखाली. म्हणजे बघा, वाइल्डला शिक्षा १८९५ ला आणि आपला एडी वर्गात मान खाली घालून बसलाय १९९५ ला, बरोब्बर शंभर वर्षं.

नॉरिस हायकोर्टात हरले, १९८० ला. मग सुप्रीम कोर्टात गेले, तिथेही १९८३ ला हरले, पण कसे, तर तीन विरुद्ध दोन. पाच न्यायाधीशांपैकी दोघं त्यांच्या बाजूने होते. मुख्य न्यायाधीशांनी निकालात आपला देश ख्रिस्ती वळणाचा आहे असा मुद्दा घेतला होता. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. हे थेट फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला गेले, युरोपियन मानवी हक्क न्यायालयात, आणि १९८८ ला तिथे जिंकले, आठ विरुद्ध सहा मतांनी. तिथेही निसटता विजय, पण विजय. अकरा वर्षं लागली मंडळी, अकरा वर्षं!

आणि आता ऐका, माझा सगळ्यात आवडता भाग. नॉरिसची केस लढवणाऱ्या वकीलबाई होत्या मेरी रॉबिन्सन. १९९० ला त्या आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या, देशाच्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. कोर्ट जिंकलं तरी सरकार कायदा बदलायला वेळच लावत होतं, चार-साडेचार वर्षं काही हललं नाही. मग १९९३ ला मॉइरा गेगन-क्विन न्यायमंत्री झाल्या. त्यांच्याकडे कार्यकर्त्यांचं शिष्टमंडळ गेलं, त्यात एक आई होती, तिचा मुलगा गे होता. कलमं काय आहेत हे सांगायला वकील होतेच, ती आई आपल्या मुलाबद्दल बोलली. मंत्रीणबाई स्वतः मुलांची आई. त्या भेटीचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. बिल आलं, लोकसभेसारखं जे त्यांचं सभागृह आहे तिथे मतदान न घेताच मंजूर झालं, आणि शेवटी सहीसाठी कोणाकडे गेलं? राष्ट्राध्यक्षांकडे. म्हणजे मेरी रॉबिन्सनकडे! ज्या वकीलबाई हीच मागणी घेऊन देशातल्या कोर्टात हरल्या होत्या, त्यांनीच राष्ट्राध्यक्ष म्हणून त्या कायद्यावर सही केली. मला हे सांगताना आजही छातीत भरून येतं. आणि जाता जाता बोलते, शाळेच्या पुस्तकांत लढायांच्या सनावळ्या पाठ करून घेतात त्यापेक्षा अशा गोष्टी घाला ना, कोर्टातल्या, चिवट माणसांच्या, मुलं आपणहून वाचतील.

तर १९९३ ला कायदा बदलला. पण १९९५ ला एडीच्या वर्गात काय बदललंय? काहीच नाही. पोरं तशीच चिडवतात, त्याच्या घरात या विषयावर शब्द निघत नाही. कायदा बदलला, घर नाही बदललं. हा सिनेमा नेमका त्या मधल्या जागेत उभा आहे आणि मला तो म्हणूनच मोठा वाटतो. त्याच १९९५ च्या नोव्हेंबरमध्ये त्या देशात घटस्फोटाला परवानगी द्यायची का यावर सार्वमत झालं आणि ते फक्त नऊ हजारांच्या आसपास मतांनी पास झालं, अख्ख्या देशात! म्हणजे एडीच्या आई-बाबांचं पटत नसलं तरी वेगळं होऊन नवीन आयुष्य सुरू करायची सोय तोपर्यंत नव्हती. त्या घरात सगळेच काहीतरी निभावून नेतायत. एडीच्या आईचं काम शेरॉन होर्गन यांनी केलंय, तिच्याकडे नीट बघा, तिला बरंच कळत असतं.

दोघं डब्लिनला जातात तो भाग मला सगळ्यात जवळचा. गे बारमध्ये आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवतात आणि तिथली माणसं चक्क मजेत आहेत, हसतायत, नाचतायत. अँबरला तिथे सारा नावाची मुलगी भेटते, ती प्रेमात पडते, आणि आता तिला नाटक संपवायचंय. एडीला ते संपवायचं नाहीये. नाटक संपलं की तो उघडा पडणार. इथे सिनेमाची कॉमेडी हळूहळू दुखायला लागते. एडी झालेला फिओन ओ'शे, त्याचा चेहरा बघा, हसता हसता मध्येच घाबरतो. अँबरचं काम लोला पेटिक्रू यांनी केलंय, आणि अँबर म्हणजे काय पोरगी आहे, आईच्या कॅरॅव्हॅन पार्कमधल्या कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरची छोटी घरं, वर्गातल्या जोड्यांना गुपचूप भाड्याने देते, गाव सोडून लंडनला जायचं म्हणून पैसे साठवते. बाप गेलेला आहे, कसा गेला ते सिनेमात कळेल, पण ती स्वतःची कीव करत बसत नाही.

आणखी एक, हे मला मनापासून वाटतं. गे मुलांवरच्या सिनेमात शेवटी कोणीतरी मरतंच असं एक ठरून गेलं होतं कितीतरी वर्षं. एखाद्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने स्वतःसारखा कोणी पडद्यावर बघायचा आणि दर वेळी त्याची अंत्ययात्राच बघायची, हा अन्याय आहे हो. इथे तसं नाही. इथे मुलं हसतात, भांडतात, चुकतात. आणि प्रेमकथेपेक्षा ही मैत्रीची गोष्ट जास्त आहे, एकमेकांत लग्न-प्रेम वगैरे कधीच होणार नाही हे पक्कं माहीत असलेल्या दोघांची मैत्री. अशी मैत्री सिनेमात किती कमी दिसते.

भाषा इंग्रजीच आहे पण आयरिश उच्चार भरभर येतात, तेव्हा सबटायटल लावून बघा, विनोद निम्म्याहून जास्त बोलण्यात आहेत. घरात त्या वयाचं कोणी असेल तर सोबत बघा, थोडं मोकळंढाकळं बोलणं आहे, त्याला दचकू नका. सिनेमा संपल्यावर मुलांना लगेच तुला काय वाटलं असं विचारत बसू नका, बोलायचं असेल तर ती बोलतील. आणि ट्रेलर बघू नका बरं का. हल्लीचे ट्रेलर अख्खी गोष्ट सांगून टाकतात, ही खोड कोणी लावली कोण जाणे. थेट सिनेमा लावा. नमस्कार.